सोप्याच्या भिंतीची ओल

खानापूरच्या बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या ओसरीला, आम्ही काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतला. ओल थांबावी म्हणून. दोनच पावसाळ्यांत भिंतीला कमरेपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला आणि पोपडे सुटायला लागले. समोरच्या घराला अजून चुन्याचा गिलावा आहे. ती भिंत दिवाळीपर्यंत खडखडीत वाळते. चिरा दोन्हीकडे तोच, पाऊसही तोच.

चिरा म्हणजे जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं वाहून नेली, लोह आणि अल्युमिनियम मागे राहिलं. तांबडा रंग लोहाचा. अल्युमिनियम जिथं जास्त साठलं तिथं बॉक्साइट झालं. खाणीतला ओला जांभा सहज तासता येतो, हवेवर वाळला की कठीण होतो. पण तो छिद्रांनी भरलेला असतो. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्यात वर चढतं. जुन्या भिंतीत ते अडवणं अवघड. त्याला बाहेर पडायला वाट लागते.

ही वाट चुना देतो. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळतो, फुलतो, विरतो. मग वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, मळायचा. कुठे गूळ, कुठे हिरड्याचं पाणी घालायचे. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. बारीक तडा गेलाच, तर पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळतो आणि तड्यात साचून ती फट बुजवतो. मला या पदार्थाचं सगळ्यात मोठं अप्रूप याचंच वाटतं.

सिमेंट वाईट नाही. स्लॅबला ते हवंच. पण त्याचा घट्ट थर चिऱ्यातली वाफ सहज बाहेर सोडत नाही. पाणी आत कोंडतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि जांभ्याचा पापुद्रा सोलून काढतात.

छपराचाही यात वाटा आहे. मंगळूरी कौलांची लांब वळचण पागोळ्या भिंतीपासून दूर टाकते. दुकानाला शटर बसवताना बाजारात पहिली छाटली जाते ती हीच.

यंदा आम्ही सिमेंट काढलं. पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवली आहे, वाळली की चुना चढवायचा. चिऱ्यांवर जुन्या गवंड्यांच्या हत्यारांचे तिरके घाव दिसताहेत. गिलाव्याखाली झाकले जाण्याआधी शेजारची मुलं ते हात लावून बघून जातात.