कामाची दोन-तीन वर्षं आणि पुन्हा ॲडमिशन: गॅप, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

बारावी झाली, घरात ओढाताण होती, म्हणून कंपनीत ठेकेदाराकडे लागला. कुणी गोदामात, कुणी डिलिव्हरीला, कुणी कापडाच्या दुकानात. दोन-तीन वर्षं गेली आणि आता पुढं शिकायचंय. दर जूनमध्ये फॉर्म भरून घ्यायला अशी मुलं-मुली येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गॅप पडलाय, चालेल का?"

चालतो. महाराष्ट्रात नेहमीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना चालतो. गॅपमुळे प्रवेश अडलेला मी फारसा पाहिला नाही. मुदत संपलेला नॉन-क्रिमिलेअर दाखला, ठेकेदाराकडे अडकलेली मूळ मार्कशीट, आधारला जोडलेलं जुनं सिम यांच्यामुळे अडलेले मात्र ढिगानं पाहिलेत. त्यामुळे पात्रतेचं थोडक्यात सांगतो आणि कागदांवर जास्त बोलतो.

पात्रता

आयटीआयला किमान वय १४, कमाल वयाची अट नाही. दहावी पास लागते, पण काही ट्रेड दहावी नापासांसाठीही आहेत, तेव्हा "मी नापास आहे" म्हणून आधीच माघार घेऊ नका. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला दहावीत किमान ३५ टक्के पुरतात, वयाची अट इथंही नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला असेल किंवा बारावी सायन्स झाली असेल, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हा रस्ता अनेकांना माहीतच नसतो. आयटीआय करून फिटर म्हणून तीन वर्षं राबलेला मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरायला आला की वाईट वाटतं, सरळ एक वर्ष वाचतंय त्याचं.

बीए, बीकॉमला बारावी पास एवढंच. कोणत्या साली पास झालात याला महत्त्व नाही. इंजिनीअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणितासह ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के, शिवाय सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. आणि सीईटी त्याच वर्षीची लागते. बारावीच्या वेळी दिलेल्या परीक्षेचा स्कोअर दोन वर्षांनी उपयोगाचा नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही २०२४-२५ पासून सीईटी आली आहे, त्यामुळे "बीबीएला काय, कॉलेजात जाऊन फॉर्म भरू" हे दिवस गेले. सीईटीची नोंदणी हिवाळ्यातच सुरू होते. जूनमध्ये जागं झालेल्याचं ते वर्ष गेलेलं असतं.

दहावी किंवा बारावीच राहून गेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची परीक्षा देण्याची ही सोय आहे. बारावीला बसायचं तर दहावी पास होऊन मधे दोन वर्षांचं अंतर लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यासह निवडलेल्या संपर्क केंद्रात, म्हणजे शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात, जमा करायचा. एक गोंधळ इथं नेहमी होतो. परीक्षेला बसून नापास झालेल्यानं १७ नंबर भरायचा नसतो. तो पुनर्परीक्षार्थी, त्याचा फॉर्म त्याच्या जुन्या शाळेतूनच जातो. आणि १७ नंबरची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच येऊन जाते. दिवाळीनंतर चौकशीला येऊ नका.

गॅप सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय

हे कुठल्या कार्यालयातून मिळणारं सर्टिफिकेट नाही. हे तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आहे, नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं. नावामुळे मुलं "गॅप सर्टिफिकेट कुठं मिळतं" विचारत तहसील पालथं घालतात आणि बाहेरचे एजंट त्यावर पोट भरतात.

कॉलेजला त्यातून एकच गोष्ट हवी असते : मधल्या काळात तुमचं नाव दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या हजेरीपटावर होतं का? तुम्ही कुठं काम केलं, किती पगार होता, साहेब कसे होते, यात त्यांना रस नसतो. तरी मुलं दोन पानं नोकरीची कहाणी लिहितात आणि मुख्य वाक्य विसरतात. मजकूर एवढाच पुरतो :

"मी, अमुक, वय २०, राहणार अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये इयत्ता बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालो. शैक्षणिक वर्ष २०२३-२४ व २०२४-२५ मध्ये घरच्या आर्थिक अडचणीमुळे मी कोणत्याही शाळेत, महाविद्यालयात अथवा विद्यापीठात प्रवेश घेतलेला नाही. या काळात मी खाजगी नोकरी करीत होतो. वरील मजकूर खरा आहे."

इथं गॅप मोजलाय तो शैक्षणिक वर्षांत. "मार्च २०२३ ते जून २०२५" असं लिहून आणलं की खिडकीवरचे बाबू परत पाठवतात, कारण त्यांच्या रजिस्टरला वर्षाचा रकाना असतो, महिन्याचा नाही. दोन वर्षं असतील तर दोन्ही वर्षं नावानिशी लिहा.

स्टॅम्प पेपरचं आधी विचारून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १०० आणि २०० रुपयांच्या जागी किमान ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क आलं, आणि तेव्हापासून एजंट सर्रास ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावतात. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरचं शुल्क मात्र शासनानं माफ केलेलं आहे. गॅपसाठी काही कॉलेजं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्रही घेतात, काहींना नोटरीच लागते. ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या खिडकीवर विचारल्याशिवाय ५०० रुपये घालवू नका.

आणि समजा, मधे एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, नाव घातलं होतं, चार महिने गेलात आणि सोडून दिलं, तर? मग वरचं प्रतिज्ञापत्र करूच नका, ते खोटं ठरेल. "परीक्षा दिलीच नाही, म्हणजे प्रवेश नव्हताच" असं होत नाही. तिथं तुमचा मूळ दाखला जमा आहे, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी नंबर, पडलेला असू शकतो. आधी त्या कॉलेजात जा, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या, थकलेली फी असेल तर भरा आणि दाखला सोडवा. त्याच विद्यापीठात पुन्हा जाणार असाल तर जुना पीआरएन सांगा. नवा अर्ज करून दुसरा नंबर पाडून घेतला की पुढं निकाल अडकतो. एक मुलगी दाखला अडवतील या भीतीनं जुन्या कॉलेजात वर्षभर गेलीच नाही. शेवटी गेली तेव्हा क्लार्कनं कपाटातून पाकीट काढलं, सही घेतली, दहा मिनिटांत दाखला हातात.

मुदत संपलेले दाखले

बारावीच्या वेळी जमवलेली फाइल जशीच्या तशी चालेल असं समजू नका. काही कागद कायमचे असतात : जातीचा दाखला, जात वैधता, मार्कशीट. काहींना तारीख असते, आणि ती तुम्ही कामावर असताना निघून गेलेली असते. नॉन-क्रिमिलेअर आर्थिक वर्षानुसार चालतं, त्यावरची "३१ मार्चपर्यंत वैध" ही ओळ बघा. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, दरवर्षी नवीन. उत्पन्नाचा दाखलाही नवीन. हे सगळे आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतात, पण जूनमध्ये सगळा तालुका तिथंच उभा असतो. एप्रिल-मेमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच अर्ज टाका.

आता तुमच्या पगाराचा प्रश्न. नॉन-क्रिमिलेअरला आई-वडिलांचं उत्पन्न आणि पद बघतात, उमेदवाराचा स्वतःचा पगार त्यात धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये मात्र कुटुंबात उमेदवार स्वतः येतो, त्यामुळे आठ लाखांच्या मर्यादेच्या हिशेबात तुमची कमाईही धरली जाते. कंत्राटी पगारानं कुणी आठ लाख ओलांडत नाही हे खरं, पण वडिलांची नोकरी चांगली असेल तर हिशेब करून बघा. या दोन दाखल्यांमधला हा फरक सेतूतल्या माणसालाही कधीकधी माहीत नसतो.

जात वैधता काढलेली नसेल तर तिला सगळ्यात आधी हात घाला, तिला महिने जातात. बारावी सायन्सवाल्यांनी ती बहुधा कॉलेजातूनच काढलेली असते. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांची राहून गेलेली असते आणि कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीच्या, तोंडावर धावपळ होते.

मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून. २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फीच्या भीतीनं कामाला लागलेल्या मुलींनी हे पुन्हा एकदा तपासावं. मधल्या काळात लग्न झालं असेल तर फॉर्मवर नाव मार्कशीटवरचंच लिहा. बदललेलं नाव लावायचं तर राजपत्रातली नोंद लागते.

आधार, सिम आणि मूळ कागद

परवाचीच गोष्ट. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर फॉर्म उघडला, आधार नंबर टाकला, ओटीपी गेला. कुठं? चाकणला असताना घेतलेल्या सिमवर, जे रिचार्ज न केल्यामुळे बंद पडून आता दुसऱ्याच कुणाच्या हातात. मुलगा मोबाइलकडे बघतोय, मी स्क्रीनकडे. तो दिवस गेलाच. आधार केंद्रात जाऊन चालू नंबर जोडणं हे सगळ्यात पहिलं काम. बँक खातंही आधारला जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात. पगारासाठी कंपनीनं उघडून दिलेलं खातं आधारला जोडलेलं असेल आणि तुम्ही ते विसरून गेला असाल, तर पैसे तिकडं जातील.

ठेकेदारानं मूळ मार्कशीट "ठेवून" घेतली असेल तर नोकरी सोडायच्या आधी मागून घ्या, नंतर फोन उचलला जात नाही. मुळात मूळ कागद द्यायचेच नाहीत, झेरॉक्स द्यायची. मिळालीच नाही तर विभागीय मंडळाकडे दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज करता येतो, आणि डिजिलॉकरमधली गुणपत्रिका तोवर अर्ज भरायला उपयोगी पडते. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर दुय्यम दाखला शाळाच देते, त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागतात. आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका. कॉलेजला त्याच्या पाठीमागे शिक्का मारायचा असतो.

काम न सोडता शिकायचं असेल तर

घर पगारावर चालत असेल तर नियमित कॉलेजात नाव घालून हजेरीची मारामारी करण्यापेक्षा मुक्त विद्यापीठ बरं, असं माझं मत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याची अभ्यास केंद्रं तालुक्या-तालुक्यांत आहेत. इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला, जुलै आणि जानेवारी असे दोन हंगाम मिळतात. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत स्पष्ट आहे. अर्जाआधी दोन नंबर काढून ठेवा : एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट खात्याचा नंबर), जो डिजिलॉकरमधून निघतो, आणि डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर), जो २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला सक्तीचा आहे. दोन्हींवर नाव मार्कशीटप्रमाणेच हवं. एका अक्षराचा फरक आला तरी अर्ज अडतो.

काम सोडताना

कार्यमुक्ती पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र मागा. प्रवेशाला ते लागेलच असं नाही, पण पुढच्या नोकरीला लागेल. ठेकेदार देत नसेल तर पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक काढून ठेवा. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीवर महिना सहा हजारांनी काम केलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. प्रशिक्षण संपलं की तो कागद मागायला कुणी जात नाही, आणि दोन वर्षांनी त्या कार्यालयातले साहेब बदललेले असतात.

पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, लिहून ठेवा आणि खात्यात नोकरी सोडल्याची तारीख पडली का ते बघा. ठेकेदारानं टाकली नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते. त्यासाठीही आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो.