फ्लाय : नवशिक्यांसाठी निवड

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पीस, केस, लोकर गळावर दोऱ्याने बांधून किडा किंवा लहान मासा भासेल असे आमिष करतात, तीच फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतेच. जाड दोरीच्या वजनावर ती पाण्यात जाऊन पडते. मॅसिडोनियातले लोक तांबडी लोकर आणि पिसे बांधून मासे धरतात, असे एलियन या रोमन लेखकाने इ.स. 200 च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

दुकानात शेकडो फ्लाय दिसतात आणि नवशिका तिथेच गोंधळतो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी सुरुवातीला चार पुरतात. पाण्यावर तरंगणारी ‘ॲडम्स’ 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधली. राखाडी अंगाची ही फ्लाय कोणत्याच एका किड्याची नक्कल नाही, पण मेफ्लाय नावाच्या अनेक किड्यांसारखी दिसते. मासा कोणता किडा खातो ते ओळखता येत नसेल तेव्हा म्हणूनच ती हाताशी हवी. खळाळत्या पाण्यात ‘एल्क हेअर कॅडिस’ घ्यावी. सांबरासारख्या एल्कच्या पोकळ केसांमुळे ती सहसा बुडत नाही, आणि फिकट केस लांबूनही दिसतात.

पण ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखाली चालते. त्यासाठी ‘फेझंट टेल’ निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर ती दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधत, त्यामुळे ती झटकन खाली जाते. चौथी ‘वूली बगर’, मऊ झुबकेदार शेपटीची. ती पाण्यात ओढत आणावी लागते. फेक नीट जमत नसतानाही मासा देणारी हीच.

रंगापेक्षा आकाराकडे आधी पाहावे. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो. पहिल्या तिन्ही फ्लाय 14 आणि 16 क्रमांकात घ्याव्यात, वूली बगर 8 किंवा 10 मध्ये. नदीतला एखादा दगड उलटून खालच्या अळ्यांशी फ्लाय ताडून पाहावी, नंतर दगड होता तसा ठेवावा. या एका सवयीने जेवढे कळते तेवढे दुकानदारही सांगू शकत नाही.

भारतात ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी 1900 च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला. हिमाचलातल्या तीर्थन नदीतही तो आहे. तिथे याच चार फ्लाय चालतात, मात्र परवाना लागतो. महसीर या मोठ्या माशासाठी मोठे स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारख्या दिसणाऱ्या फ्लाय, आणि जाड तारेचे मजबूत गळ लागतात. मासा परत सोडायचा असेल, तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा.