श्वासनालछेदनानंतरचे गिळणे व बोलणे

मानेच्या पुढील बाजूस, सामान्यतः श्वासनालाच्या दुसऱ्या ते चौथ्या कूर्चा-कड्यांच्या दरम्यान छेद घेऊन त्यात श्वासोच्छ्वासासाठी नळी बसविणे म्हणजे श्वासनालछेदन. रुग्णालयांत यालाच 'ट्रॅकिओ' म्हणतात. प्रस्तुत नोंद या रुग्णांच्या गिळण्या-बोलण्यापुरती आहे.

शस्त्रक्रियेचा उगम वादग्रस्त आहे. ऋग्वेदात तिचा उल्लेख असल्याचे अनेक पाश्चात्त्य ग्रंथ सांगतात. परंतु आठव्या मंडलाच्या पहिल्या सूक्तातील ती ऋचा इंद्राच्या सांधण्याच्या सामर्थ्याचे वर्णन करते. तीतून उपचारासाठी केलेला छेद सिद्ध होत नाही. प्राचीन वैद्य गेलेन याने श्रेय आपल्या आधीच्या आस्क्लेपियाडीस या ग्रीक वैद्याला दिले, पण आस्क्लेपियाडीसचे मूळ लेखन उपलब्ध नाही. म्हणून इटलीतील ब्रासाव्होला या वैद्याने १५४६ च्या सुमारास केलेली शस्त्रक्रिया ही पहिली विश्वसनीय नोंद मानणे योग्य ठरेल. पुढे घटसर्पामुळे तिचा प्रसार झाला. अमेरिकन घसातज्ज्ञ शेव्हॅलियर जॅक्सन यांनी १९०९ मध्ये तिचे तंत्र निश्चित केले.

उच्छ्वास नळीतूनच बाहेर पडत असल्याने तो स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. स्वरयंत्र निरोगी असूनही आवाज फुटत नाही. नळीभोवतीचा, श्वासनाल बंद करणारा फुगा रिकामा करून नळीचे तोंड बोटाने झाकले, किंवा त्यावर एकदिश झडप (श्वास आत घेऊ देणारी, पण बाहेर न सोडणारी) बसविली, तर हवा वर जाते व रुग्ण बोलू शकतो. अशी एक झडप डेव्हिड म्यूर या स्नायुविकाराच्या अमेरिकन रुग्णाने १९८० च्या दशकात स्वतःसाठी तयार केली. फुगा फुगलेला असताना झडप कधीही लावू नये. श्वास आत जातो, बाहेर येत नाही आणि रुग्ण गुदमरतो.

गिळण्याबाबत मतभेद आहेत. नळीमुळे स्वरयंत्र वर उचलले जात नाही आणि अन्न श्वासमार्गात जाते, असे १९७० च्या दशकातील अभ्यासांवरून मानले गेले. २००० नंतर त्याच रुग्णांची छेदनापूर्वी व नंतर तपासणी केली असता फारसा फरक आढळला नाही. दोष बहुधा मूळ आजाराचा, म्हणजे मेंदूची इजा, पक्षाघात वा अशक्तपणा यांचा असावा, हे मत अधिक पटणारे आहे. फुगवलेला फुगा अन्नाला पूर्णपणे अडवतो हा समजही चुकीचा आहे. अन्न श्वासमार्गात गेले तरी काहींना ठसकाही लागत नाही. म्हणून निळ्या रंगाच्या चाचणीपेक्षा (रंगवलेला घास देऊन नळीतून निळा स्राव येतो का ते पाहणे) नाकातून दुर्बीण घालून गिळणे प्रत्यक्ष पाहण्याची तपासणी भरवशाची.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर) जिल्ह्याबरोबरच कोकण व सीमाभागातूनही रुग्ण येतात. अशा रुग्णाच्या खाटेशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "घोटभर पाणी दिलं तर चालंल न्हवं?" नेमके पाणीच सर्वांत वेगाने घसरते, पांढऱ्या रश्श्याचेही तसेच. तपासणीनंतर पुष्कळदा दाटसर आंबील किंवा मऊ भात चमच्याने, रुग्णाला ताठ बसवून सुरू करता येतो. तपासणी न करताच महिनोन् महिने अन्नासाठी नाकात घातलेल्या नळीवर ठेवणे हा रुग्णावर अन्याय होय.

मानेतील नळी काढल्यावर छिद्र बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत आपोआप मिटते. तोपर्यंत बोलताना व खोकताना छिद्रावरील पट्टीवर बोट दाबून धरावे लागते.