पिवळ्या पाटीचा टेम्पो आणि साधं लायसन्स

‘कारच्या लायसन्सवर पिवळ्या पाटीचा टेम्पो चालवलास तर अपघातात विमा कंपनी एक पैसा देणार नाही.’ हे वाक्य अड्ड्यावर, गॅरेजमध्ये अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते चूक आहे, आणि त्याच्या भीतीपोटी चालक उगाच एजंटला पैसे मोजतात, याचं वाईट वाटतं.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 2(21) वाचा. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत 7500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही येतं. 2017 साली मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा वाद घातला, तेव्हा 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच अर्थ कायम ठेवला: एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असेल तर अशा वाहनासाठी त्यावर वेगळी ‘ट्रान्सपोर्ट’ नोंद लागत नाही. ‘छोटा हत्ती’ टेम्पो तर या मर्यादेच्या कितीतरी आत आहे.

मात्र वजन कुठलं, हे नीट बघा. मालवाहू गाडीचं भरलेलं एकूण वजन, म्हणजे आरसी बुकावरचं जीव्हीडब्ल्यू धरतात. कार आणि ट्रॅक्टरचं मात्र रिकामं वजन. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांचे नियम वेगळेच आहेत.

आणि उसाची ट्रॉली? ट्रॅक्टरचं वैध लायसन्स केवळ मागे ट्रॉली जोडल्याने निरुपयोगी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच नागशेट्टी खटल्यात स्पष्ट केलंय.