बडोद्याचे काका, मामा आणि तालमी

गंगनाथ विद्यालयात मुलांनी कुणाला मास्तर म्हणायचं नाही, असा शिरस्ता होता. केशवराव देशपांड्यांनी नर्मदाकाठी चांदोदजवळ सुरू केलेली ही राष्ट्रीय शाळा पुढे बडोद्यात आली. शिक्षकांना हाक मारायची ती घरच्या नात्याने. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर इथे काका झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके मामा झाले आणि पुढे सगळा गुजरात त्यांना त्याच नावांनी ओळखू लागला. केशवराव स्वतः विलायतेहून आलेले बॅरिस्टर. अरविंद घोषांशी त्यांची मैत्री केंब्रिजपासूनची, आणि अरविंदांची काँग्रेसवरची जहाल लेखमाला 'इंदुप्रकाश' या मुंबईच्या वृत्तपत्रात छापली तीही त्यांनीच.

अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते. त्यातला बराच काळ दांडिया बाजारात, खासेराव जाधवांच्या घरी. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे पुन्हा नको. संस्थानातली अडचण मात्र लक्षात घ्यायला हवी. इथे उघड राजकारण केलं की रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, जाब थेट महाराजांना. सयाजीराव किती झाकून घेणार? त्यामुळे जे काही चाललं ते शाळा, तालीम, वाचनालय अशा कुणाच्या डोळ्यावर न येणाऱ्या जागी. तेही दरवेळी निभावलं नाहीच. इंग्रजांच्या दबावाखाली गंगनाथ १९११च्या सुमारास बंद पडलं.

तालमी मात्र टिकल्या. जुम्मादादा हे मुसलमान पहिलवान. त्यांची गादी चालवली माणिकराव या मराठी शिष्याने. हात-पाय मुरगळला, हाड सरकलं की लोक माणिकरावांकडेच जात. लेझीम, मल्लखांब, लाठी हे तर होतंच, पण खरी मेख सामुदायिक कवायतीत होती. हुकूम इंग्रजी नाहीत, देशी. आणि शेकडो पोरं एका आवाजावर हलतायत. याला व्यायामच म्हणायचं, दुसरं काय! जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० इथेच शिकले. छोटुभाई आणि अंबुभाई या पुराणी बंधूंनी तर व्यायामशाळांची ही चळवळ गुजरातभर नेली.

विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, त्या वेळी बडोद्यात शिकत होते. मित्र जमवून त्यांनी विद्यार्थी मंडळ काढलं. घरोघर फिरून पुस्तकं गोळा करायची, आळीपाळीने भाषणं करायची, शिवजयंती आणि दासनवमी साजरी करायची, एवढंच काम. एका वर्षी ठरलं की शिवाजीचा उत्सव चार भिंतींत नको, रानात करू. सुट्टी नव्हती, मग इतिहासाचाच तास बुडवला. दंड होणार हे माहीत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जो तो खिशात चार आणे घेऊनच वर्गात आला. मास्तरांनी दंड ठोकला आणि टेबलावर पावल्यांची रास पडली. मला या गोष्टीत शिवाजीपेक्षा चार आण्यांचं महत्त्व जास्त वाटतं. शिक्षा आधी धरून चालायची आणि ती सगळ्यांनी मिळून भरायची, ही सत्याग्रहाची तालीम गांधी गुजरातेत येण्याआधीच झाली होती म्हणायची. मंडळातले मोघे, धोत्रे, गोपाळराव काळे पुढे गांधींच्या कामात आले, यात नवल नाही.

आता दुसरी बाजू, जी आपण बडोदेकर मराठी मंडळी जरा घाईने उरकतो. १९१७ साली डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती याच गादीची, शिक्षण कोलंबियात. शहरात त्यांना खोली मिळेना. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू मित्राकडे विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. कमाटीबागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला गेले. इतक्या काकामामांच्या शहरात त्यांना कुणी नात्याने हाक मारली नाही. कारण ही नाती मुख्यतः वरच्या जातींच्या घरांतून जुळलेली होती; बायकाही त्यात जवळजवळ नव्हत्याच.

त्याच वर्षी गोध्र्याला राजकीय परिषद भरली, गांधी होते, आणि तिथे अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांसाठी, काम सुरू झालं. त्याची धुरा पुढे मामा फडक्यांनी घेतली. आश्रम काढून ते त्या वस्तीतल्या मुलांबरोबर राहिले, आणि ती मुलंही त्यांना मामाच म्हणत.