प्रौढ हौशी टेनिसपटूची प्रगती

तिशीनंतर पहिल्यांदा रॅकेट हाती घेणाऱ्या, किंवा शाळा-कॉलेजात थोडेफार खेळून मध्ये बरीच वर्षे खंड पडलेल्या खेळाडूने आपला खेळ सुधारणे. शाळकरी मुलांच्या प्रशिक्षणाचे ठोकताळे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुलांना रोज कोर्ट मिळते, चुकीच्या सवयी जडलेल्या नसतात आणि दुखापत लवकर भरून येते. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला आठवड्यातून दोन-तीन सकाळी मिळतात. त्याच्या जमेची बाजू एकच, पण मोठी असते: फटका का चुकला हे त्याला समजावून सांगता येते.

खेळाडूचा दर्जा ठरवण्यासाठी अमेरिकेत एनटीआरपी (नॅशनल टेनिस रेटिंग प्रोग्रॅम) ही १.५ ते ७.० अशी चढती श्रेणी वापरतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ‘वर्ल्ड टेनिस नंबर’मध्ये नवशिका ४०पासून सुरू होतो आणि आकडा जितका लहान तितका खेळ वरचा. महासंघाने २००७मध्ये ‘प्ले अँड स्टे’ मोहीम सुरू केली, तेव्हा नवशिक्या प्रौढांनीही संथ चेंडूंवर शिकावे अशी शिफारस केली. हिरवा ठिपका असलेला चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के संथ असतो, नारिंगी सुमारे ५० टक्के. आपल्याकडे मोठी माणसे हे चेंडू ‘लहान मुलांचे’ म्हणून हातात घेत नाहीत आणि मग महिनोन् महिने धड एक रॅली, म्हणजे फटक्यांची सलग देवाणघेवाण, होत नाही. हे नुकसान सहज टाळण्यासारखे आहे.

हौशी सामन्यात गुण मारून मिळवण्यापेक्षा घालवले जातात फार. चेंडू जाळीत जातो, बाहेर पडतो, डबल फॉल्ट होतो, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया जातात. त्यामुळे नवा जोरकस फोरहँड शिकण्याआधी चेंडू आणखी एकदा पलीकडे टाकता येणे हीच मोठी कमाई ठरते. कोर्टचे मापच इथे मदतीला येते. कोर्टची लांबी २३.७७ मीटर, पण एकेरीच्या कोर्टचा कर्ण सुमारे २५.१५ मीटर भरतो. जाळीची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर आणि खांबापाशी १.०७ मीटर असते. म्हणजे तिरका फटका जाळीच्या सखल भागावरून जातो आणि पडायला जवळपास १.४ मीटर जास्त जागा मिळते. सरळ रेषेत मारण्याचा मोह आवरून तिरके खेळत राहणारा साधा खेळाडूही जोरात मारणाऱ्यांना हरवतो, त्यामागे हे गणित आहे.

मुळापासून पुन्हा बांधावा असा एकच फटका निवडायचा, तर तो सर्व्हिसचा. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवर अवलंबून नसलेला हा एकमेव फटका आहे, आणि चेंडूंची पिशवी घेऊन एकट्याने त्याचा सराव करता येतो. बहुतेक हौशी खेळाडू तवा धरल्यासारखी रॅकेट धरतात. तारा आधीच समोर वळलेल्या असल्यामुळे चेंडू नुसता ढकलला जातो. जोर लावला की तो बाहेर जातो, म्हणून दुसरी सर्व्हिस भीतभीत टाकलेली टपली होते. यावर उपाय कॉन्टिनेंटल पकडीचा. रॅकेटची कड जमिनीकडे करून धरल्यावर अष्टकोनी दांड्याची सर्वांत वरची बाजू पहिली मानली, तर तिच्या लगत उजवीकडच्या दुसऱ्या बाजूवर तर्जनीच्या मुळाचा सांधा टेकतो (डावखुऱ्यांसाठी उलट). आता रॅकेट चेंडूकडे कडेने जाते आणि शेवटच्या क्षणी कोपराखालचा हात बाहेरच्या बाजूला वळून तारा समोर येतात. सुरुवातीला हात पुरेसा वळत नाही आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे भरकटतो. इथेच अनेकजण कंटाळून जुन्या पकडीवर परततात. त्याऐवजी जाळीजवळच्या सर्व्हिस लाइनवर उभे राहून हलक्या हाताने सुरुवात करावी आणि जमेल तसे मागे सरकत बेसलाइन, म्हणजे कोर्टची शेवटची रेषा, गाठावी. ही पकड बसली की चेंडूला वरच्या दिशेने घासून फिरकी देता येते. तो जाळीच्या बराच वरून जाऊनही आत पडतो. दुसऱ्या सर्व्हिसची धास्ती जाते ती अशी.

टॉसबद्दलही, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू हवेत उडवण्याबद्दलही, एक गोष्ट सांगायला हवी. चेंडू वेडावाकडा उडाला, तर रॅकेट न फिरवता तो झेलून पुन्हा उडवण्याची नियमांत मुभा आहे. तरीही संकोचापोटी लोक त्याच चेंडूमागे वाकडे होऊन सर्व्हिस करतात.

सरावाची पद्धतही तपासायला हवी. भारतातल्या जिमखान्यांमध्ये पगारी जोडीदार म्हणून ‘मार्कर’ असतो. तो बरोबर फोरहँडवर, एकाच उंचीचे चेंडू देत राहतो. घाम निघतो, फटके छान बसतात आणि सामन्यात मात्र तोच फोरहँड सापडत नाही. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९मध्ये हाताच्या साध्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एकच कृती सलग घोकणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी सरस होती, पण नंतरच्या चाचणीत कृतींची सरमिसळ करून शिकलेले पुढे निघाले. म्हणून मार्करला पूर्वसूचना न देता बाजू, उंची, वेग बदलत राहायला सांगावे आणि तासाचा काही भाग गुण मोजून खेळावा.

पायांकडे दुर्लक्ष होते ते वेगळेच. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी घेतलेली छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, वयाने कमी झालेला वेग बराचसा भरून काढते.

टेनिस एल्बो हा कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूबंधाचा विकार ३० ते ५० या वयात सर्वाधिक आढळतो. उशिरा, मनगट वाकवून मारलेला एकहाती बॅकहँड हे त्याचे नेहमीचे कारण. कडक पॉलिस्टर तारा व्यावसायिकांना शोभतात. हौशी हाताला मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या) तारा आणि थोडा कमी ताण मानवतो. गुडघ्यांतली कूर्चा झिजल्यावर भारताच्या रोहन बोपण्णाने अय्यंगार योगाचा आधार घेतला आणि २०२४मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. तो व्यावसायिक खेळाडू असला, तरी कोर्टबाहेरच्या व्यायामाचे महत्त्व हौशी खेळाडूला याहून चांगले पटणार नाही.

चाळिशीनंतर बहुतेकांचे टेनिस दुहेरीचेच असते. तिथे परतीचा तिरका चेंडू, लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) एवढ्यावर खेळ पुष्कळ वर जातो. स्पर्धेची हौस असलेल्यांसाठी अखिल भारतीय टेनिस संघटना ३५ वर्षांपुढच्या वयोगटांच्या स्पर्धा भरवते, तर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मास्टर्स स्पर्धा तिशीपासून सुरू होतात. २०२१मध्ये स्पेनमधल्या मायोर्का इथे झालेल्या महासंघाच्या जागतिक स्पर्धेत नव्वदीपुढचा गटही होता. त्यात खेळलेले युक्रेनचे लिओनिद स्तानिस्लाव्स्की तेव्हा ९७ वर्षांचे होते, आणि त्यांनी टेनिसला सुरुवात केली होती तिशीत.