बेट्स, मायकेल

(४ डिसेंबर १९२० – ११ जानेवारी १९७८). इंग्लिश चरित्र अभिनेते. रंगभूमी, रेडिओ आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी त्यांनी कामे केली, पण ब्रिटनमधल्या सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत ते पोचले बीबीसीच्या दोन विनोदी मालिकांमुळे : ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ आणि ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. यांतली दुसरी मालिका नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत घडते. मराठी वाचकाने या नटाची दखल घ्यावी याचे ते एक कारण. दुसरे म्हणजे, चरित्र अभिनेत्याचे काम नेमके काय असते हे त्यांच्या कारकिर्दीतून फार स्वच्छ दिसते.

नायकाची गोष्ट पुढे सरकते ती आजूबाजूच्या माणसांच्या आधाराने. फौजदार, कारकून, जेलर, शेजारी, नोकर अशी ही माणसे. त्यांना पडद्यावर चार-पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात त्यांचा सगळा पूर्वेतिहास प्रेक्षकाला जाणवावा लागतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीने अशा नटांची मोठी फळी पोसली. स्टुडिओत आठवड्याला एक भाग उभा राहायचा. तालमीला दिवस मोजके असायचे. अशा वेळी रंगभूमीवर घासूनपुसून तयार झालेला, पाठांतराला पक्का आणि विनोदाची वेळ अचूक साधणारा नट निर्मात्यांना हवा असे. बेट्स त्या फळीतले.

त्यांचा जन्म झाशीचा. लहानपणीच त्यांना उर्दू अवगत झाली आणि ती आयुष्यभर टिकली. शिक्षण इंग्लंडमध्ये अपिंगम शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात झाले. दुसऱ्या महायुद्धात ते गुरखा पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांच्या भूमिकांची यादी पाहताना हा तपशील सारखा हाताशी ठेवावा लागतो. लान्स कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, फील्ड मार्शल, तुरुंगाचा मुख्य रक्षक, निवृत्त कॉर्पोरल, साहेबाचा हुजऱ्या अशा हुद्द्यांच्या शिडीवरच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर ते कधी ना कधी उभे राहिले. वरिष्ठासमोर माणसाची मान किती अंशात वाकते आणि हाताखालच्यावर ओरडताना त्याची हनुवटी कशी वर जाते, हे त्यांनी छावणीत रोज पाहिलेले होते. त्यांच्या अभिनयाचे भांडवल हेच, असे मला वाटते.

युद्धानंतर ते रंगभूमीकडे वळले आणि शेक्सपिअरच्या नाटकांतल्या विनोदी दुय्यम भूमिकांतून घडले. त्यांची सर्वांत महत्त्वाची रंगभूमिका आली १९६६ मध्ये. जो ऑर्टन यांचे ‘लूट’ हे काळ्या विनोदाचे नाटक आदल्या वर्षी दौऱ्यातच कोसळले होते. त्या वेळी इन्स्पेक्टर ट्रस्कॉट झाले होते केनेथ विल्यम्स. चार्ल्स मॅरोविट्झ यांनी लंडनमध्ये ते नव्याने बसवले आणि ट्रस्कॉटची भूमिका बेट्सना दिली. हा ट्रस्कॉट म्हणजे आपण पाणीपुरवठा खात्याचे आहोत असे सांगत घरात घुसणारा, लाचखाऊ आणि मारकुटा पोलीस अधिकारी. नवा प्रयोग गाजला, नाटकाला त्या वर्षीचा ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पुरस्कार मिळाला आणि ऑर्टन यांचे नाव झाले.

रेडिओवरचे त्यांचे काम आज फारसे आठवले जात नाही, पण ते लक्षणीय आहे. १९५९ ते १९७७ या काळात बीबीसीवर चाललेल्या ‘द नेव्ही लार्क’ या नौदलावरच्या विनोदी मालिकेत त्यांनी एकाच वेळी अनेक पात्रांना आवाज दिला. जिंजर नावाचा साधा खलाशी तेच, लेफ्टनंट तेच, धर्मोपदेशक तेच आणि रिअर ॲडमिरल आयर्नब्रिजही तेच. गणवेश नाही, चेहरा नाही. फक्त आवाजाच्या पट्टीतून हुद्दा कळला पाहिजे. दुसरी कुठलीही तालीम इतकी कामी आली नसती.

चित्रपटांत त्यांना छोटी कामे मिळाली, पण दिग्दर्शक मोठे होते. ‘पॅटन’ (१९७०) या सात ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटात ते फील्ड मार्शल माँटगोमेरी झाले. त्यातला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. सिसिलीवरच्या स्वारीचा आराखडा समजावण्यासाठी माँटगोमेरी एका अमेरिकन सेनापतीला स्वच्छतागृहात गाठतो, आरशावर तोंडाची वाफ सोडतो आणि त्या धुक्यावर बोटाने बेटाचा त्रिकोण काढतो. आवाज हळू, हालचाली मोजक्या. सगळी घमेंड त्या एका बोटात. चित्रपट पॅटनची भूमिका करणाऱ्या जॉर्ज सी. स्कॉट यांचा आहे, पण हा प्रसंग बेट्सचा आहे.

‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्यांना तुरुंगाचा मुख्य रक्षक बार्न्स केले. नवा कैदी दाखल होतो तेव्हा बार्न्स जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या रेघेकडे त्याचे लक्ष वेधतो आणि पायाची बोटे तिच्या पलीकडे गेली पाहिजेत म्हणून ओरडतो. कडक टाचा, झटक्यात वळणारी मान, प्रत्येक शब्दाला तोफेचा आवाज. हसू येते आणि भीतीही वाटते. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘फ्रेन्झी’मध्ये नेमका उलट स्वभाव : सार्जंट स्पिअरमन. याचा वरिष्ठ घरी बायकोच्या फ्रेंच पाककलेला कंटाळलेला असतो, म्हणून कचेरीत बसून पोटभर इंग्लिश न्याहारी करतो आणि खाता खाता खुनाच्या तपासाबद्दल बोलतो. स्पिअरमन ऐकतो. नुसते ऐकणे इतक्या तऱ्हांनी करता येते हे दाखवणारा तो धडा आहे.

दूरचित्रवाणीवर १९७२ च्या नाताळात प्रसारित झालेल्या ‘द स्टोन टेप’ या नाइजेल नील यांच्या भयनाट्यात ते होते. पण खरी ओळख मिळाली ती १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ने. रॉय क्लार्क यांनी लिहिलेली ही मालिका यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावात घडते. रिकामटेकडे झालेले तीन उतारवयातले मित्र दिवसभर डोंगरवाटांवर भटकतात, गप्पा मारतात, पोरांसारखे उद्योग करतात. पीटर सॅलिस यांचा शांत क्लेग, बिल ओवेन यांचा फाटका कॉम्पो आणि बेट्स यांचा सिरिल ब्लॅमायर. ब्लॅमायर सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, कॉर्पोरल होता. आता नोकरी नाही, पण कडक इस्त्री, ताठ कणा आणि उच्चभ्रूपणाचा आव सुटलेला नाही. खऱ्याखुऱ्या मेजरने साकारलेला हा कॉर्पोरल अधिकाऱ्यासारखा दिसण्याची धडपड करतो आणि त्या धडपडीतली करुणा बेट्स कुठेही हरवू देत नाहीत. पडद्यामागे त्यांचे आणि ओवेन यांचे राजकारणावरून खटके उडत. बेट्स पक्के उजवे, ओवेन तितकेच पक्के डावे. पडद्यावरची ब्लॅमायर–कॉम्पो जुगलबंदी मात्र त्या मालिकेचा पाया ठरली. भागांच्या दुसऱ्या मालेनंतर (१९७५) बेट्स बाहेर पडले, ब्रायन वाइल्ड यांचा फॉगी आला आणि मालिका २०१० पर्यंत चालली. त्रिकुटातला तिसरा माणूस सैन्याच्या आठवणीत रमणारा आणि स्वतःला पुढारी समजणारा असावा, हा साचा मात्र बेट्स यांनी घालून दिलेला होता.

तोपर्यंत ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ जोरात सुरू झाली होती (बीबीसी, १९७४–८१). नावाचा भावार्थ : ‘आई गं, इथं काय मरणाचं उकडतंय!’ लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी युद्धाच्या अखेरीस खरोखरच देवळालीत होते आणि तिथल्या तोफखान्याच्या करमणूक पथकात काम करत होते. मालिकेतही हेच पथक आहे : आघाडीवर जाणे टळावे म्हणून मन लावून नाचगाणी करणारे तरुण सैनिक आणि त्यांना ‘खरे मर्द’ बनवू पाहणारा, विंडसर डेव्हिस यांनी अजरामर केलेला सार्जंट-मेजर विल्यम्स.

देवळाली इंग्रजी भाषेत त्याआधीच शिरली होती. एकोणिसाव्या शतकापासून मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे थांबत. जहाजे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने काहीही कामधाम नसताना बसून राहावे लागे. कंटाळा, दारू आणि आजारपण यांनी डोके फिरले की त्याला ‘देवळाली टॅप’ म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. त्यातूनच ‘डूलॅली’ हा वेडसर माणसासाठीचा शब्द इंग्रजीत रुजला आणि अजून वापरात आहे. देवळालीची खरी हवा इतकी चांगली की मुंबईची माणसे तिथे हवापालटासाठी जात आली आहेत आणि तिथली सॅनिटोरियमे प्रसिद्ध आहेत. मालिकेतली देवळाली इंग्लंडमध्येच उभारलेली होती. ब्रिटिश प्रेक्षकाने पाहिला तो त्यांच्या कल्पनेतला भारत.

या देवळालीत बेट्स झाले रंगी राम, अधिकाऱ्यांचा हुजऱ्या. डोक्याला फेटा, चेहऱ्यावर सावळा रंग. रंगी स्वतःला ब्रिटिशच समजतो. बोलताना ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो आणि चहावाला महंमद व दोरी ओढत बसलेला पंखेवाला रमझान यांच्यावर रुबाब करतो. भागाच्या शेवटी कॅमेऱ्याकडे पाहत तो एखादी ‘जुनी हिंदू म्हण’ ऐकवतो. चहावाला आणि पंखेवाला झाले होते दीनो शफीक आणि बाबर भट्टी, हे दक्षिण आशियाई नट. त्यांच्या मधोमध रंग फासलेला गोरा नट.

गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून भारतीय होणे हे चूकच होते, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्या काळी ब्रिटनमध्ये ही प्रथा सर्रास होती. तोंडे काळी करून गाणाऱ्यांचा एक कार्यक्रम बीबीसीवर १९७८ पर्यंत चालू होता. योग्य भारतीय नट मिळाला नाही आणि बेट्सना उर्दू उत्तम येत होती, असा बचाव मालिकेच्या कर्त्यांनी केला. पण सईद जाफरी त्या वेळी लंडनमध्येच होते आणि १९७५ मध्ये जॉन ह्यूस्टन यांच्या चित्रपटात शॉन कॉनरी व मायकेल केन यांच्याबरोबर झळकले. शोधले असते तर सापडले असते. बीबीसी ही मालिका आज पुन्हा दाखवत नाही.

तरीही बेट्स यांचे काम नुसत्या नकलेचे नाही. रंगीची उर्दू ही घोकलेली वाक्ये नाहीत. ती सहज जिभेवर येते. त्याच्या हसण्यात जी मखलाशी आहे आणि साहेबापुढे वाकताना डोळ्यांत जो हिशेब चाललेला दिसतो, तो गोऱ्या साहेबांच्या छावणीत पोट भरणाऱ्या माणसाचा आहे. हा माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. मात्र पाहिला होता साहेबाच्या खुर्चीतून. त्यामुळे रंगीची हुशारी त्यांना पकडता आली. त्याचा राग मात्र कुठेच दिसत नाही. १९४५ च्या भारतात, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, तो कुणाच्या ना कुणाच्या मनात असणारच.

पाचव्या मालेत (१९७७) पथकाची बदली देवळालीहून ब्रह्मदेशच्या जंगलात झाली. बेट्स तरुणपणी गुरख्यांबरोबर ज्या आघाडीवर होते, तिथेच त्यांचे पात्र पोचले. तोवर कर्करोगाने त्यांना गाठले होते, तरी ते या मालेतही रंगी राम म्हणून काम करत राहिले. पुढच्या जानेवारीत वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रंगी रामच्या जागी पेरी आणि क्रॉफ्ट यांनी दुसरा नट घेतला नाही. पात्र काढून टाकले गेले आणि मालिका आणखी तीन वर्षे चालली, तेव्हा दीनो शफीक यांचा महंमद, आजवरचा चहावाला, हुजऱ्याचे कामही पाहू लागला.